जुनं ब्लानिक घ्यावं का?

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. तुमच्या अमेरिकेतल्या ग्लायडिंग क्लबला कुठल्याशा शेडमध्ये २०१० पासून उभं असलेलं एल-१३ ब्लानिक, म्हणजे दोन आसनी, बिनइंजिनाचं शिकाऊ ग्लायडर, भंगाराच्या भावात मिळतंय, ते घ्यावं का, असं तू विचारलंस. थोडक्यात सांगायचं तर लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) पहिल्या पानापासून शाबूत असेल आणि पंखाच्या स्पारची (आतल्या मुख्य तुळईची) मान्यताप्राप्त दुरुस्ती करायची तयारी असेल, तरच घ्या. यातलं एक जरी नसलं तरी फुकट मिळालं तरी नको. पण एवढं सांगून तुझ्या कमिटीचं समाधान होणार नाही, कारण फोटोत विमान ठणठणीत दिसतंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्लानिकची रचना प्रागजवळच्या लेटन्यानी इथल्या विमान संशोधन संस्थेत कारेल डलोही यांनी केली. पहिलं उड्डाण मार्च १९५६ मध्ये झालं, आणि १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षं मोराव्हियातल्या कुनोव्हिसेच्या लेट कारखान्यातून ही ग्लायडर बाहेर पडत राहिली. एकूण संख्या २,६०० च्या वर. दोन आसनी ग्लायडरपैकी दुसरं कुठलंच इतक्या संख्येनं बनलेलं नाही. त्यातली पुष्कळ सोव्हिएत संघाच्या सरकारी क्लबांत गेली.

त्या काळी शिकाऊ ग्लायडर म्हणजे लाकूड, प्लायवूड, कापड आणि सरस. आपल्याकडची १९६१ ची रोहिणीसुद्धा लाकडीच, त्यात शेजारी-शेजारी दोन जागा. शेजारी बसलं की इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याचे हातपाय दिसतात हा फायदा खरा, पण पुढचा भाग रुंद होतो आणि हवेचा विरोध वाढतो. ब्लानिकमध्ये दोघे एकामागे एक बसतात आणि सगळा सांगाडा ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. धड दोन अर्ध्या कवचांचं, मधोमध रिव्हेटनं जोडलेलं. लाकडाला लागणारी कुशल माणसं आणि ओल-उन्हाची काळजी यातून सुटका झाली, जिगवर (साच्यावर) एकसारखे भाग निघू लागले, रात्री मैदानात उघड्यावर ठेवलं तरी चालू लागलं. पंखांचा विस्तार १६.२ मीटर, लांबी ८.४ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ १९.१५ चौरस मीटर. ग्लाइड रेशो (उतरलेल्या उंचीच्या किती पट पुढे जातं) २८, म्हणजे शांत हवेत ३०० मीटर उंचीवरून कागदावर ८.४ किलोमीटर. शिकवताना यातलं निम्मंच हिशेबात धरायचं.

बाजूनं काढलेल्या फोटोत पंख पुढे झुकलेले दिसतात, ते कशासाठी असं तू विचारलंयस. ते शोभेसाठी नाहीत. एकामागे एक दोन माणसं बसवली की वजन पुढे जातं. मागच्या माणसाला मुख्य स्पारच्या पुढे बसवायचं आणि त्याला खाली नीट दिसायलाही हवं, तर पंखाचं मूळ त्याच्या पाठीमागे न्यावं लागतं. मग उचल देणारा बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे पडतो. पंख पाच अंश पुढे झुकवले की तो पुन्हा जागेवर येतो. मागची जागा गुरुत्वमध्याच्या जवळ राहिल्यामुळे इन्स्ट्रक्टर उतरला तरी तोल फारसा बदलत नाही. सोलो, म्हणजे एकट्यानं उडायचं, ते मात्र नेहमी पुढच्याच सीटवरून.

या झुकावाची किंमतही आहे. झोत लागून पुढे झुकलेला पंख वर वाकला की त्याचं टोक हवेला आणखी जास्त कोन देऊ पाहतं, म्हणजे भार आपणहून वाढायला बघतो. त्यामुळे अशा पंखाला पिळाविरुद्ध ताठ ठेवावंच लागतं, आणि ते काम पत्र्याचं आवरण आणि रिव्हेट करतात. रिव्हेट सैल झालेले असतील तर नुसती डागडुजी पुरत नाही, हे इथून लक्षात ठेव.

वजनाचा हिशेब कमिटीला आधी दाखव. रिकामं वजन साधारण २९२ किलो, कमाल ५०० किलो. उरले २०८. दोन पॅराशूटचे पंधरा-सोळा किलो वजा केले की दोन माणसांसाठी १९२ राहतात, म्हणजे माणशी ९६. पण २९२ हा आकडा पुस्तकातला. तीन वेळा रंग मारलेलं, रेडिओ आणि बॅटरी चढवलेलं जुनं विमान त्याहून जड भरतं. घेण्याआधी ते तराजूवर चढवा, जुन्या वजनपत्रावर विसंबू नका.

फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या उचल वाढवणाऱ्या पट्ट्या, फाउलर प्रकारचे आहेत, मागे सरकून खाली येतात, म्हणजे पंखाचं क्षेत्रफळही वाढतं. अरुंद थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या स्तंभात) हळू आणि घट्ट वळताना ते फार कामाचे. १९६७ मध्ये सोव्हिएत महिला वैमानिकांच्या जोडीनं याच शिकाऊ ग्लायडरमधून ८६४ किलोमीटरचं अंतर कापलं होतं, त्यावरून त्याची कुवत कळेल. पण फ्लॅप आणि एअरब्रेक (उचल मोडून खाली आणणारे पंखावरचे ब्रेक) या दोन्हींचे लिव्हर डाव्या हाताला आहेत. नवा विद्यार्थी उतरताना घाईत एअरब्रेक समजून फ्लॅप आत घेतो, आणि जमिनीपासून वीस मीटरवर पंखाची उचल एकाएकी कमी होते. तुमच्याकडे ज्यांनी फक्त फ्लॅप नसलेली ग्लायडर उडवली आहेत, त्यांना आधी जमिनीवर डोळे मिटून लिव्हर ओळखायला लावा. हाताला कळलं पाहिजे, आणि ओढण्याआधी एक नजरही टाकली पाहिजे.

चाक अर्धंच आत जातं. आत घेतल्यावरही थोडं बाहेर राहतं, त्यामुळे विसरून उतरलं तरी पोट बहुतेक वेळा वाचतं.

आता स्पिनबद्दल, म्हणजे उचल गमावून गोल गोल फिरत खाली पडण्याबद्दल, कारण तुझ्या क्लबला ब्लानिक हवं आहे ते मुख्यतः यासाठीच. आजचं सर्वात रुळलेलं शिकाऊ ग्लायडर म्हणजे एएसके-२१. रुडॉल्फ कायझर यांचं डिझाइन, १९७९ चं पहिलं उड्डाण, फायबरग्लासचं, १७ मीटरचं. ते इतकं सज्जन आहे की स्पिनमध्ये जायलाच तयार होत नाही. शिकवायचं तर शेपटीत मोजून वजनं लावावी लागतात. ब्लानिक मात्र सांगितलं की स्पिनमध्ये जातं आणि नीट केलं की बाहेरही येतं: उलट्या बाजूचा पूर्ण रडर (शेपटीचं सुकाणू), मग स्टिक (हातातली दांडी) पुढे, फिरणं थांबलं की रडर मध्यात, आणि डाइव्हमधून हळुवार बाहेर. या शेवटच्या पायरीला वेग भराभर चढतो आणि घाबरलेला विद्यार्थी स्टिक खेचतो. पंखाला सगळ्यात जास्त मार बसतो तो इथे. शेकडो विद्यार्थ्यांनी शेकडो वेळा खेचलेली ती स्टिक त्या स्पारमध्ये साठून राहिलेली असते.

१२ जून २०१० रोजी ऑस्ट्रियात एका ब्लानिकचा उजवा पंख उड्डाणात तुटला आणि दोघेही गेले. मुख्य स्पार मुळाजवळ तुटला होता, आणि तपासात धातूच्या थकव्याकडे बोट गेलं. उडताना पंख वर वाकतो, म्हणजे स्पारची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वाकण्याचा जोर मुळाशी सर्वाधिक. तडा सुरू होतो तो खालच्या पट्टीतल्या रिव्हेटच्या भोकाच्या कडेपाशी. पोलादाला एका मर्यादेच्या खालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला अशी सुरक्षित मर्यादा नाही, लहान ताणसुद्धा हिशेबात जमा होतो.

अपघातानंतर युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं आधी भिंग घेऊन स्पार तपासायचे आदेश काढले. पण रिव्हेटच्या डोक्याखाली दडलेला तडा डोळ्यांना दिसतच नाही. त्याच वर्षी जगभरची ही ग्लायडर जमिनीवर आली, तुमच्याकडे अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेनंही तेच केलं. तुझ्या फोटोतलं विमान २०१० पासून उभं आहे ते यामुळेच. पंख चकचकीत आहेत याचा स्पारच्या प्रकृतीशी काडीचाही संबंध नाही.

लॉगबुकवर मी एवढा अडून का बसलोय, तेही सांगतो. एल-१३ ला मूळ आयुष्य ३,७५० तासांचं दिलेलं होतं. तो आकडा ठरावीक वापर गृहीत धरून काढलेला: इतकी विंचवरची (जमिनीवरच्या यंत्रानं केबल ओढून केलेली) उड्डाणं, इतकी एरोटोची (इंजिनाच्या विमानानं ओढून नेलेली), इतके तास ॲक्रोबॅटिक्स (हवेतल्या कसरती). आता तूच हिशेब कर. एरोटोनं सरासरी अर्ध्या तासाची उड्डाणं केली तर ३,७५० तासांत ७,५०० उड्डाणं होतात. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरसारखं विंचवर सर्किटचं (मैदानाभोवती एक फेरी मारून उतरण्याचं) प्रशिक्षण असेल, सहा मिनिटांचं एकेक उड्डाण, तर तेवढ्याच तासांत ३७,५०० उड्डाणं. शिवाय विंचवर चढताना पंख विमानाचं वजन तर पेलतोच, वर केबलची खालची ओढही पेलतो. तासांचा आकडा दोन्हीकडे एकच, पण स्पारचं वय पाचपट वेगळं. म्हणून विक्रेता ‘फक्त अठराशे तास’ म्हणाला तर विचार: उड्डाणं किती, त्यात विंचवरची किती, आणि ॲक्रोबॅटिक्सचे तास वेगळे लिहिलेत का? मधल्या चार-पाच वर्षांची पानं गहाळ असतील तर तेवढा काळ सर्वात वाईट वापर झाला असं धरायचं. हा नियम तुमच्या इन्स्पेक्टरला कडक वाटेल, पण मला दुसरा प्रामाणिक मार्ग दिसत नाही.

स्पार मजबूत करून विमान पुन्हा उडवण्याचे मान्य मार्ग पुढे निघाले आहेत. ऑस्ट्रेलियात तर अपघाताच्या खूप आधीपासून सुधारलेल्या स्पारची ब्लानिक होती, त्यांना एल-१३ ए१ म्हणतात. तुमच्या विमानाला कुठली दुरुस्ती लागू पडते, ती करायला परवाना कोणाकडे आहे आणि एकूण खर्च किती, हे लेखी घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

एवढं जुळलं तरच विमान पाहायला जा, आणि जाताना टॉर्च, आरसा आणि दहापट भिंग ने. आधी पंखाच्या खालच्या बाजूला मुळापासून मीटरभर रिव्हेटच्या ओळी बघ. रिव्हेट सैल असेल तर त्याच्या डोक्यामागे, हवा जाते त्या दिशेनं, काळपट करडी रेघ उठलेली असते. रिव्हेट हलून हलून ॲल्युमिनियमची पूड बाहेर येते, तिचा तो डाग. बोटानं पुसलास तर काजळीसारखा लागेल. एखाद-दुसरा रिव्हेट बदलता येतो. ओळीत सात-आठ सापडले तर परत फिर. विमान नुकतंच धुऊन-पुसून ठेवलेलं असेल तर डाग नाहीत म्हणून खूश होऊ नकोस.

मग चाकाच्या खोबणीत हात घाल. तिथे चिखल-गवत साठतं, पाणी निघायची भोकं बुजतात आणि आतून गंज सुरू होतो. ॲल्युमिनियमचा गंज पांढऱ्या पिठासारखा, रंगाखाली फोड आल्यासारखा दिसतो. शेपटीच्या टोकाशी तेच बघ. शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल-हवा गेलेली असेल तर प्रत्येक आपट थेट सांगाड्याला बसलेली असणार, म्हणून चाकाच्या मागच्या पत्र्यावर तिरप्या सुरकुत्या शोध. टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धर, तरच दिसतात.

एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर या विमान वळवणाऱ्या हलत्या भागांवर कापड आहे. इतकी वर्षं उभं राहिलेल्या विमानाचं कापड बदलावंच लागेल. ते काम हौशी मंडळींवर सोपवू नका. बिजागराच्या मागे पन्नास ग्रॅम जादा रंग बसला तरी तोल बिघडतो आणि वेगात फ्लटरचा (तो भाग जोरात थरथरून मोडण्याचा) धोका वाढतो. रंगकामानंतर प्रत्येक भाग काढून तोलून, आकडा नोंदवूनच बसवायचा. रडरच्या केबलवरून फडकं फिरव. पुलीपाशी एखादी तार तुटलेली असेल तर ते अडकतं. पट्टे आणि हुकच्या मुदती संपलेल्या असणारच, त्या खर्चात धरा.

हे सगळं जास्त वाटत असेल तर एल-२३ सुपर ब्लानिकचाही विचार करा. १९८८ चं, त्याच घराण्यातलं, पण फ्लॅप नाहीत आणि शेपूट टी आकाराची. कोलोरॅडोतल्या तुमच्या एअर फोर्स अ‍ॅकॅडमीनं ही ग्लायडर प्रशिक्षणाला वापरली आहेत, त्यामुळे अमेरिकेत माहीतगार मेकॅनिक मिळायला अडचण पडू नये. महाग पडेल, पण पहिल्याच सीझनला उडेल. माझं मत विचारशील तर चार वर्षं दुरुस्तीत घालवायची हौस असलेली दोन-तीन माणसं क्लबात नसतील तर एल-२३ च घ्या. तशी माणसं असतील आणि लॉगबुक पूर्ण असेल, तर एल-१३ सारखं शिकवणारं ग्लायडर दुसरं नाही.

आधी लॉगबुकच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, नुसत्या शेवटच्या नको. शिवाय पंखाच्या मुळावरची नंबरची पाटी आणि त्याच्या दुरुस्तीची कागदपत्रं. पंख नंतर बदललेले असतील तर त्यांचे तास धडाच्या तासांपेक्षा वेगळे असतात, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत