मागच्या सीटवरचा आवाज

सातारा,
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि त्यासोबत पाठवलेला, तुझ्या गाडीतला आवाज कमी करण्याच्या कामाचा दुकानाचा खर्चाचा अंदाजही नीट वाचला. चारही दारे, छप्पर, तळ, डिकी आणि बोनेट अशा सगळ्या जागी एकच चंदेरी वर्खाची काळी शीट चिकटवून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. त्या अंदाजात बाकी सगळे आहे, फक्त तुझ्या पत्रातले एक वाक्य नाही. जतच्या रस्त्याला लागल्यावर काकू मागच्या सीटवरून ‘काय म्हणालास?’ असे दोनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा न विचारता गप्प बसतात, असे तू लिहिले आहेस. माझ्या मते कोणता माल, कुठे आणि किती घ्यायचा याचा निर्णय त्या वाक्यावरून व्हायला हवा.

काकू बसतात ती जागा आधी डोळ्यांसमोर आण. मागच्या चाकाची कमान, जिला गॅरेजवाले व्हील आर्च म्हणतात, ती त्यांच्या कमरेपासून जेमतेम हातभर लांब असते. लहान गाड्यांत पुढच्या चाकाच्या कमानीला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. मागच्या कमानीला ते बहुधा नसतेच, आणि असले तरी अर्धवट असते, त्यामुळे खडी आणि पाणी थेट पत्र्यावर आदळते. शिवाय तुझ्या गाडीची डिकी वेगळी बंद पेटी नाही. सीटच्या पाठीमागे एक पातळ फळी टाकली की झाली डिकी. पत्र्याच्या त्या पोकळीत टायरचा घुमारा शिरतो आणि काकूंच्या मानेमागे बाहेर पडतो. वयोमानाने कानातून आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी होतात, आणि आपल्या बोलण्यातले स, च, ट, क हे सारे त्याच पट्टीत असतात. खालच्या पट्टीचा घुमारा त्या व्यंजनांवर पांघरूण घालतो. म्हणून काकूंना तू बोलतो आहेस हे कळते, परंतु काय बोलतो आहेस ते कळत नाही. दुकानदाराने अंदाजात पुढच्या दारांना सर्वांत जास्त माल धरला आहे, कारण त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक स्पीकरचा ठोका सुधारण्यासाठी येते. तुझी गरज गाडीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आता मालाविषयी. त्या चंदेरी शीटला बाजारात डॅम्पिंग शीट म्हणतात. चांगल्या शीटमध्ये ब्यूटाइल रबराचा सुमारे २ मिलिमीटर जाडीचा चिकट थर असतो आणि त्यावर अॅल्युमिनियमचा वर्ख असतो. पत्रा थरथरतो तेव्हा तो किंचित वाकतो. वरचा वर्ख मात्र ताणला जायला तयार नसतो, त्यामुळे या दोघांच्या मध्ये सापडलेले रबर सतत ओढले आणि रगडले जाते आणि थरथरीची शक्ती अगदी थोड्या उष्णतेत जिरते. शीटचे काम एवढेच आहे. पत्रा वाजायचा थांबतो, पण हवेतून येणारा आवाज ती फारसा अडवत नाही, आणि ऊन तर जवळजवळ अडवतच नाही. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलेस तर मोकळा पत्रा टणटणतो आणि मधोमध एक तुकडा लावला की तोच पत्रा ठक्क असा मुका आवाज देतो. पत्रा सर्वांत जास्त मध्यभागी हलत असल्याने त्याचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला की बहुतेक फायदा पदरात पडतो. उरलेला भाग झाकण्यात पैसा जातो आणि वजन वाढते. अशी शीट चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो भरते. दुकानदाराच्या हिशेबाप्रमाणे सगळी गाडी मढवली, तर पंचवीस किलोचे गव्हाचे पोते कायमचे अंगावर घेऊन तुझी गाडी फिरेल.

इथे माझी एक फजिती सांगतो. तुला ती अर्धीच ठाऊक आहे. माझ्या जुन्या गाडीच्या वेळी मी स्वस्ताच्या मोहाने गच्चीच्या गळतीवर लावतात तो डांबरी पट्टा आणला होता. वरून तोही चंदेरीच दिसतो, त्यामुळे फरक कळत नाही. रस्त्याचे साधे डांबर पन्नास अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि वैशाखात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी पुढे तापतो. मे महिन्यात तो पट्टा दाराच्या आत घसरला, काचेच्या खोबणीत डांबर उतरले आणि काच अर्ध्यावर अडकून बसली. घासलेटाने ती खोबणी पुसताना माझे दोन रविवार गेले, आणि गाडीतला वास तर गाडी विकेपर्यंत गेला नाही. गाडीचे कारखाने स्वतःही तळाला डांबरी पट्ट्या वापरतात, पण त्या खास मिश्रणाच्या असून रंगाच्या भट्टीत पत्र्यावर बसवलेल्या असतात. त्यांचे पाहून आपण गच्चीचा माल लावू नये. विकत घेताना शीटचा कोपरा सोलून वास घे. डांबराचा दर्प आला तर ती शीट दुकानातच राहू दे.

हवेतून येणारा आवाज अडवण्यासाठी वजन लागते, आणि या बाबतीत निसर्ग फार कंजूष आहे: अडसराचे वजन दुप्पट केले तर त्याची अडवण्याची क्षमता साधारण ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचे माप) वाढते, आणि आवाज निम्मा झाला असे कानाला वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. यासाठी जड व्हिनाइलचा, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा, पडदा मिळतो, ज्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ५ किलो असते. तो पत्र्याला चिकटवून टाकायचा नसतो. खाली फोमचा मऊ थर देऊन तो सैल पांघरायचा असतो, म्हणजे पत्र्याची थरथर त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यात फटी ठेवून चालत नाही. पडद्याच्या शंभर भागांपैकी एक भाग जरी उघडा राहिला, तरी पडदा कितीही भारी असो, तो २० डेसिबलच्या पुढे काम देऊ शकत नाही. दारांत इतक्या तारा, तरफा आणि भोके असतात की तिथे हा पडदा नीट बसत नाही, म्हणून दारांसाठी तो घेऊ नकोस. डिकीचा तळ आणि मागच्या दोन्ही कमानी या जागा मात्र त्याच्यासाठी उत्तम आहेत.

उरला फोम. अंड्यांच्या ट्रेसारखा खाचाखाचांचा फोम लावला की आवाज शोषला जातो, असे तुला कोणीतरी सांगितले आहे. वरच्या पट्टीचा आवाज तो थोडाफार शोषतो, परंतु १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, घुमाऱ्याची लाट ३.४ मीटर लांब असते आणि ती नीट शोषायची तर तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ८५ सेंटिमीटर जाडी हवी. तेवढा फोम घातल्यावर काकूंना टपावर बसवावे लागेल!

खरा प्रश्न पाण्याचा आहे. उघड्या छिद्रांचा फोम, म्हणजे गादीचा किंवा कुशनवाल्याकडे मिळणारा तुकड्यांचा फोम, पाणी पितो आणि सोडत नाही. आमच्याकडे यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघाले की जुलैत पाऊस वरून, समोरून आणि बाजूनेही येतो. मी एका पावसाळ्यात तळाच्या कार्पेटखाली असाच फोम घातला. दिवाळीत कार्पेट उचलले तेव्हा त्याला बुरशीचे पांढरे केस आले होते आणि खालच्या पत्र्याला नाण्याएवढे गंजाचे डाग पडले होते. तेव्हापासून मी बंद छिद्रांचा फोमच वापरतो. एसीच्या पाइपांवर जे काळे मऊ वेष्टण असते, त्याच नायट्राइल रबराच्या शीट ६ ते १० मिलिमीटर जाडीत मिळतात. त्या पाणी धरत नाहीत आणि वळणावर सहज बसतात.

तुझी गाडी सांगलीत जुनी घेतलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कार्पेट उचलशील तेव्हा माल लावण्याआधी तळाच्या खाचा, सीटचे नट आणि वायरिंगच्या वेष्टणाचा आतला भाग टॉर्च मारून पाहा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे धुऊनपुसून विकल्या गेल्याच असणार. खाचांत बारीक, गुळगुळीत, सुकलेला गाळ सापडला, तर आवाजाचा विषय बाजूला ठेव आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलाव. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर शीट लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे.

जतचे ऊन हा तुझा दुसरा त्रास. उष्णता थांबते ती फोमात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. चंदेरी वर्ख उष्णता परतवतो हे खरे, पण त्याच्या समोर मोकळी हवा असेल तेव्हाच. तो छपराच्या अस्तराला दाबून बसवला, तर धातूच असल्याने उष्णता पुढे सरकवतो. म्हणून छपराच्या पत्र्याला मधोमध थोडी ब्यूटाइल शीट लावावी, म्हणजे पावसाचा ताशा बंद होईल, आणि त्यावर नायट्राइलचा सलग थर द्यावा. जड व्हिनाइल छपराला लावू नये. एवढे करूनही गाडी थंडगार होईल असे समजू नकोस, कारण उभ्या गाडीत बरीचशी उष्णता काचांतून येते. समोरच्या काचेला आतून पडदा लावण्याची सवय कितीतरी स्वस्त आहे.

दारांत काम करताना तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात, ती बुजवू नयेत. दाराच्या आतील प्लॅस्टिकचा पापुद्रा गॅरेजची मुले फाडून फेकतात, पण पाणी आतल्या पॅडपर्यंत येऊ नये म्हणून तो दिलेला असतो, तेव्हा तो परत नीट चिकटवून घे. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅग किंवा पट्ट्याच्या यंत्रणेचे असतात, त्यामुळे बॅटरी सोडवून काही वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नकोस. छपराच्या कडेला पडद्याची एअरबॅग असेल, तर ती जागा पूर्ण मोकळी ठेव. फोम घेताना त्याचा एक तुकडा अंगणात काडी लावून पाहा. जो ठिणग्यांचे थेंब टाकत जळत सुटतो, तो गाडीत नको. गाडीच्या आतील सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे, तेव्हा दुकानदाराला त्याविषयी विचार. उत्तर मिळो न मिळो, त्याचा चेहरा पाहून माल ओळखता येईल. बोनेटखाली यांतले काहीच लावू नये, तिथल्या उष्णतेसाठी वेगळा माल असतो.

एक घरगुती उपाय मात्र मनापासून सांगतो. तुझ्याकडे जतच्या बाजूचे जुने घोंगडे असेल तर ते टाकू नकोस. खरखरीत लोकर उत्तम शोषक आहे. ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि सहजासहजी पेट घेत नाही. डिकीतल्या मॅटखाली मी दुहेरी घोंगडे घातले आहे. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा ऊन दाखवावे लागते, एवढाच त्रास. तळाच्या कार्पेटखाली मात्र ते घालू नये, तिथे पायांचे पाणी झिरपते.

तेव्हा त्या अंदाजातून बोनेट पूर्ण काट, पुढची दारे तूर्त काट, आणि शीट तीन-साडेतीन चौरस मीटरच घे. ती मागच्या कमानी, डिकीचा तळ, डिकीचे दार, मागची दोन दारे आणि छपराचा मध्य यांना पुरेल. त्याआधी टायर पाहा. जुने, कडक झालेले टायर असतील तर कोणताही माल त्यांच्यापुढे हात टेकतो. दाराच्या रबरी बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ओढून पाहावे. ती अलगद निघून आली तर वारा तिथूनच शिरतो आणि त्याला नवी बीडिंग हाच उपाय आहे. चिकटवण्याआधी पत्रा धूळ आणि तेल जाईपर्यंत पुसायचा, आणि शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवायचा. दुकानातली मुले इथेच घाई करतात, म्हणून हे काम आपण दोघांनीच करावे असे मला वाटते.

रोलर आणि हीट गन माझ्याकडे आहे. पाऊस थोडा उघडला की एखाद्या शनिवारी मुक्कामाला ये, मात्र काकूंना घेऊनच ये. एक-एक जागा झाली की आपण वाढे फाट्यापर्यंत चक्कर मारू, तू पुढून नेहमीच्या आवाजात बोल, आणि अजून माल लावायचा की थांबायचे हे मागच्या सीटवरून त्यांनी सांगावे.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
शाळेपासूनचा सोबती