घरबसल्या महिना पन्नास हजार? माझी वही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘घरबसल्या ब्लॉगिंगमधून महिना पन्नास हजार’ हा लेख मी वाचला नाही, मला तो वाचून दाखवण्यात आला. शेजारचा बी.एस्सी. ॲग्री झालेला मुलगा पुरवणीची घडी काखेत मारून सकाळी सातलाच दारात उभा. “अण्णा, तुम्ही किती वर्षं हेच करताय की. मग तुमचे किती झाले?” चहा गाळता गाळता आतून बायको म्हणाली, “सांगा की, मलाबी कळू दे.”

आता दोघांनाही सांगायचंच आहे, तर आपल्या वाचकांनाही सांगतो.

मी तासगाव तालुक्यात कृषी सहायक होतो, 2016 साली निवृत्त झालो. नोकरीत कीड सर्वेक्षणाचे आकडे भरून भरून मराठी टायपिंगचा हात बसला होता. द्राक्षबागायतदारांचे तेच तेच प्रश्न फोनवर यायचे: छाटणीनंतर पेस्ट कधी लावायची, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) कितव्या दिवशी, भुरी हा बुरशीचा रोग कसा ओळखायचा. एकच उत्तर दिवसातून अकरा वेळा देण्यापेक्षा लिहून ठेवावं म्हणून 2017 मध्ये ब्लॉग सुरू केला. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले असायचेच. ते आपल्या बोलीत आणि आपल्या रानाच्या हिशेबाने सांगणं एवढंच माझं काम. आजपर्यंत 412 लेख झाले. पहिली दोन वर्षं पैशाचा विचारही नव्हता. पुतण्या म्हणाला, स्वतःच्या नावाचं संकेतस्थळ घ्या, त्यावर जाहिराती लावता येतात. 2019 च्या सप्टेंबरात लावल्या.

हे तंत्र गुपित नाही. गूगलची ॲडसेन्स नावाची योजना 2003 पासून आहे. तुम्ही पानावर जागा द्यायची, जाहिरात कोणाची ते लिलावात ठरतं, आणि आलेल्या पैशातला साधारण 68 टक्के वाटा संकेतस्थळवाल्याला मिळतो. हिंदीला यात 2014 च्या अखेरीस प्रवेश मिळाला, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. सगळे नियम लिहिलेले आहेत. मी ते वाचले नव्हते, हा माझा दोष.

खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी साध्या टपालाने एक पाकीट येतं, त्यात सहा आकडी पिन असतो. पहिलं पाकीट आलंच नाही. दुसरं पोस्टमनने दूध डेअरीत ठेवलं होतं, कारण माझ्या पत्त्यात ‘डेअरीच्या मागे’ असं आहे. ते तिथल्या फॅटच्या रजिस्टरखाली महिनाभर होतं. पुढे पैसे मिळायला शंभर डॉलर भरावे लागतात. ते भरायला मला चौदा महिने लागले. मग कळलं की सोसायटीची कामं असलेलं माझं जिल्हा बँकेतलं खातं इथे उपयोगाचं नाही, परदेशातून रक्कम यायला स्विफ्ट कोड लागतो. दुसऱ्या बँकेत खातं काढलं. डिसेंबर 2020 मध्ये बँकेतून फोन: “काका, सिंगापूरहून पैसे आलेत. कशाचे?” मी म्हटलं, “दावण्याचे.” (दावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, माझ्या लेखांचा विषय.) पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटी जाहिरातीच्या उत्पन्नासाठी पी 1007 असा कोड असतो हे त्यांनाही सापडलं, मलाही, आणि 7,412 रुपये जमा झाले. त्या दिवशी पेढे वाटले. अडीचशेचे असतील.

आता वही. 2019 ते 2025 मिळून सात वेळा पैसे आले, एकूण 62,040 रुपये. संकेतस्थळाचं नाव आणि होस्टिंग यांचे वर्षाला साधारण 4,500 गेले, म्हणजे सात वर्षांचे 31,500. उरले 30,540. लेखांच्या संख्येने भागलं तर लेखामागे 74 रुपये. एका लेखाला माझे तीन-चार तास जातात, फोटोसाठी बागेत जाणं वेगळं. इंटरनेटचं बिल आणि चष्म्याचा नंबर धरलेला नाही. आमच्याकडे विरळणीला येणारी बाई दिवसाला चारशे घेते आणि पाचच्या ठोक्याला घरी जाते. याशिवाय 72 डॉलर खात्यात पडून आहेत. शंभर झाल्याशिवाय ते येणार नाहीत, आणि गेल्या अख्ख्या वर्षात माझे मिळून 40 डॉलर झाले.

लेख वाईट होते म्हणून कमी मिळाले, असं आपले लेखक म्हणतील. वाचणारे होते. पण जाहिरातीचा दर वाचणाऱ्यावरून ठरत नाही, बोली लावणाऱ्यावरून ठरतो. अमेरिकेत विमा किंवा कर्ज शोधणाऱ्या माणसासाठी तिथल्या कंपन्या एका टिचकीला जेवढं मोजतात, तेवढे डॉलर मला हजार वेळा पान उघडल्यावरही कधी मिळाले नाहीत. माझा हजारी दर अर्ध्या डॉलरच्या आसपास राहिला. द्राक्षाला औषधं विकणाऱ्या कंपन्यांकडे पैसा नाही असं नाही. पण तो आजही भिंती रंगवण्यात, दुकानदाराच्या टार्गेटमध्ये आणि शेतकरी मेळाव्याच्या मटणात जातो. मराठी पानावर बोली लावायला त्या येत नाहीत. येतात ते कर्जवाले, रमीवाले. रमीवाल्यांना 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून चाप लावला, ते एक बरं झालं.

आणि आता ते सांगतो, जे मी आजवर घरातही धड सांगितलेलं नाही.

माझं सगळ्यात चांगलं उत्पन्न डिसेंबर 2021 चं. त्या महिन्याच्या पहिल्याच दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला तो बागायतदारांना आठवत असेल. ऑक्टोबर छाटणीच्या बागा कुठे फुलोऱ्यात, कुठे मणी धरत होत्या. आगाप, म्हणजे लवकर छाटलेल्या, बागांत मण्यांत पाणी भरलेलं. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे गळ, घडकूज, आणि पाठोपाठ दावण्या. रात्री अकराला मी स्वयंपाकघरात मोबाईल घेऊन बसलो होतो. या क्षणी किती लोक आपलं पान वाचताहेत ते दाखवणारा एक आकडा असतो. एरवी तो तीन असतो, चार असतो, रात्री शून्य. त्या रात्री तो 60 झाला, मग 140, मग 211. पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि आकडा चढतोय. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी बायकोला हाक मारणार होतो. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. दीड एकर बाग, छाटणीपासून सत्तेचाळीसावा दिवस. “अण्णा, धुरळणी आत्ता करू का उघडल्यावर?” मी सांगितलं ते सांगितलं: उघडीप मिळाली की आधी वेली हलवून घडातलं पाणी झाड, मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी कर, फवारणीची घाई नको. फोन ठेवला आणि माझंच पान उघडून बघितलं. ‘पाऊस उघडल्यावर पहिल्या चार तासांत’ या माझ्या मथळ्याच्या बरोबर खाली जाहिरात होती: पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रांशिवाय.

त्या महिन्यात पान 78 हजार वेळा उघडलं गेलं. मिळाले 46 डॉलर, म्हणजे साडेतीन हजाराच्या आत-बाहेर. भावाचं नुकसान किती झालं ते लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला बसवून कर्जाच्या जाहिराती बंद केल्या. तशी सोय आहे. नको असलेल्या जाहिरातींच्या वर्गांची एक यादी असते, त्यात कर्ज आहे, काळी जादू आणि ज्योतिष आहे, आणि ‘झटपट श्रीमंतीच्या योजना’ असाही एक वर्ग आहे. समोरचं बटण दाबलं की त्या आपल्या पानावर दिसत नाहीत. संपादक महोदय, आपल्या पुरवणीच्या विभागात असं बटण आहे का, एवढं विचारण्याचा मोह होतोय. कारण आपल्या त्या लेखाच्या खालीच पाव पानाची एका कोर्सची जाहिरात आहे: 14,999 रुपये, आज नोंदणी केल्यास निम्मी फी.

त्या कोर्सवाल्यांचं नाव मी घेत नाही. शेजारच्या मुलाने मागच्याच वर्षी असाच एक कोर्स केला होता, त्याची मला माहिती आहे. त्याने मोबाईलवर सरांच्या कमाईचं चित्र दाखवलं, चार आकडी डॉलर. मी विचारलं, “सर लिहितात कशावर?” “ब्लॉगिंगवर.” “म्हणजे?” “म्हणजे ब्लॉग कसा सुरू करायचा, त्यावर. आणि त्यात होस्टिंग कंपनीची लिंक देतात, आपण तिथून घेतलं की त्यांना कमिशन मिळतं.” तो स्वतःच बोलता बोलता थांबला. म्हणजे सरांची द्राक्षं हीच पोरं. कमाई खरी असेलही, पण ती ब्लॉग लिहून झालेली नाही. ब्लॉग लिहून पैसे मिळतात ही आशा विकून झालेली आहे. आणि त्या पोराच्या कोर्सची फी म्हणजे त्याच्या आईने भिशीतून दिलेले पैसे होते.

माझी एक चूक पोरांच्या उपयोगाची म्हणून सांगतो. सुरुवातीच्या उत्साहात मी आमच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं: ‘लेख वाचल्यावर खालच्या जाहिरातीवर एकदा टिचकी मारत जावा, तेवढीच मदत.’ आमची माणसं मनाची मोठी. एकेकाने वीस-वीस वेळा मारली. चौथ्या दिवशी जाहिराती बंद, तीस दिवस. पुन्हा झालं तर खातं कायमचं जाऊ शकतं. आपल्या माणसांनी प्रेमाने मारलेली टिचकी त्या हिशेबात खोटीच धरतात, आणि जाहिरातदाराच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच आहे. आता तर 2024 पासून टिचकीवर नाही, जाहिरात दिसण्यावर पैसे धरतात.

मिळायचं तर सरळ माणसाकडून मिळतं, हाही अनुभव आहे. 2022 च्या हंगामात डॉगरिजची खुंटरोपं (ज्यांवर द्राक्षाचं कलम करतात ती) करणाऱ्या एका नर्सरीवाल्याने चार महिन्यांसाठी जाहिरातीला पानाची वरची पट्टी घेतली आणि सहा हजार रोख दिले. एक फोन, एक फोटो, काम झालं. हे सहा हजार वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, ते बायकोच्या हिशेबात आहेत. पुढच्या वर्षी एक औषधवाले आले. त्यांना पट्टी नको होती. फवारणीच्या वेळापत्रकात आपल्या औषधाचं नाव घालून हवं होतं, महिना पाच हजार. औषध वाईट नव्हतं, पण वेळापत्रकातल्या त्या दिवशी त्याची गरजही नव्हती. नाही म्हटलं. ‘महिना पन्नास हजार’चा रस्ता बहुधा याच दारातून जातो, असं मला तेव्हापासून वाटतं, आपल्या लेखात मात्र या दाराचा उल्लेख नाही.

गेल्या वर्षभरात वाचणारेही घटले. आता गूगलवर शोधलं की यंत्राने जुळवलेलं उत्तर वरतीच तयार येतं, खाली कोणी उतरत नाही. परवा एकाने मला ते उत्तर फोनवर वाचून दाखवलं, “बघा अण्णा, कसं मुद्देसूद सांगितलंय.” त्यातलं एक वाक्य माझं होतं. ओळखलं कसं, तर ‘पानं हातात चुरगळू नका, उन्हात धरून बघा’ असं आमच्याकडेही माझ्याशिवाय कोणी म्हणत नाही.

तरी मी लिहितो, कारण फोन अजून येतात आणि लिंक पाठवली की माझा घसा वाचतो. तक्रार पैसे कमी मिळाल्याची नाही. माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापताना लेखकाला विचारावं: भाषा कोणती, विषय कोणता, खर्च वजा करून किती, आणि त्यातले कोर्स विकून किती. उत्तरं मिळाली तर ती छापावीत, नाही मिळाली तर तेही छापावं. आणि कोर्सची जाहिरात निदान दुसऱ्या पानावर टाकावी.

शेजारच्या मुलाने हे सगळं ऐकून पुरवणी तिथेच ठेवली. तो आता इथल्याच एका पॅकहाउसमध्ये प्रतवारीच्या कामावर लागलाय. संध्याकाळी येऊन माझे जुने लेख मोबाईलवर नीट दिसतील असे करून देतो. त्याला मी पैसे देत नाही, तो घेत नाही.

माझी वही आपल्या प्रतिनिधीला बघायची असेल तर खुशाल यावं. फक्त बेदाण्याच्या सौद्याचा दिवस टाळावा, त्या दिवशी तासगावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
तासगाव, जि. सांगली
(नाव छापू नये, भाऊ आपलाच पेपर घेतो.)