हत्तीरोगाच्या गोळ्या कोनाड्यात ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धडधाकट माणसांनाही द्यायच्या हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन मोहिमेत आशाताई दारात येतात, तेव्हा पूर्व विदर्भात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "ठेवून जा, जेवल्यावर घेतो." त्या गोळ्या मग कोनाड्यात पडून राहतात आणि नोंदवहीत मात्र घर पूर्ण झालेलं दिसतं. उत्तर खोटं नसतं. या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्याच नसतात, आणि आशाताई येतात सकाळी दहाला, माणसं शेतावर निघालेली असताना. मोहिमेची वेळ संध्याकाळच्या जेवणानंतरची ठेवली आणि गोळ्या समोर गिळायला लावल्या, तर निम्मी अडचण तिथेच संपेल. आरोग्य खात्याने याचा विचार करावा, ही आमची पहिली विनंती.

दुसरी अडचण "मला तर काहीच झालं नाही" या समजुतीची. ती दूर व्हायची, तर शरीरातली लसिकासंस्था समजून घ्यायला हवी. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती पाझरलेलं बरंचसं पाणी परत रक्तात शिरतं, पण रोज साधारण 3 लिटर बाहेर उरतं. ते गोळा करून आणतात लसिकावाहिन्या. त्यांना हृदयासारखा पंप नाही. वाहिनीच्या भिंतीचं आकुंचन, चालताना पोटरीच्या स्नायूंचा दाब आणि द्रव मागे फिरू न देणाऱ्या झडपा, एवढ्यावर पायातला द्रव गळ्याजवळच्या शिरेपर्यंत चढतो. वाटेत जांघेतल्या गाठी लागतात. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, ते याच गाठींमुळे. जखमेतल्या जंतूंचे अंश इथे पोचतात, ते ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी इथेच झपाट्याने वाढतात, म्हणून गाठ सुजते आणि दुखते.

हत्तीरोगाची कृमी नेमकी याच वाहिन्यांत राहते. मादी सुताएवढी बारीक आणि 8 ते 10 सेंटीमीटर लांब. ती चार-सहा वर्षं जगते आणि लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. शरीराच्या पहारेकऱ्यांच्या मधोमध राहून ती टिकते, कारण तिच्यातून पाझरणारे पदार्थ प्रतिकारशक्तीला शांत ठेवतात. माणसाला ना ताप, ना दुखणं. पण वाहिनी आतून फुगत जाते, झडपांच्या कडा एकमेकींना टेकत नाहीत आणि द्रव खालीच साचतो. पुढे कृमी मेली की दबलेली प्रतिकारशक्ती एकदम पेटते आणि वाहिनीला आणखी इजा होते. पाय सुजलेला दिसतो तो एवढं सगळं झाल्यावर. तोवर धडधाकट माणसाच्या रक्तातली पिल्लं क्युलेक्स डास गावभर पोचवत असतो. हा डास रात्री चावतो आणि पिल्लंही रक्तात रात्रीच जास्त सापडतात, साधारण 10 ते 2 या वेळेत. रक्तनमुना घ्यायला पथक रात्री येतं ते म्हणून. कृपया त्यांना परत पाठवू नका.

डीईसी हे या कृमीवरचं मुख्य औषध. त्याची 100 मिलिग्रॅमची गोळी 2 ते 5 वर्षांच्या मुलांना एक, 6 ते 14 वर्षांना दोन आणि 15 वर्षं व त्यापुढे तीन. सोबत अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एकच, चावून खायची. तीन औषधांची मोहीम असेल तिथे आयव्हरमेक्टिन उंची मोजून देतात, 90 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना नाही. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसं यांना यातलं काहीच द्यायचं नाही. बाळंतपणाला आठवडाही झाला नसेल तर आयव्हरमेक्टिन टाळतात.

गोळ्यांनंतर कुणाला ताप येतो, डोकं दुखतं, उलटी होते, आणि "औषध बाधलं" अशी आवई गावात उठते. यातला बहुतेक त्रास रक्तातली पिल्लं एकदम मेल्यावर शरीर जे प्रत्युत्तर देतं त्याचा असतो. म्हणजे ज्याला ताप आला, त्याच्या अंगात बहुधा पिल्लं होती. पॅरासिटामॉल आणि विश्रांतीने हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. जास्त वाटलं तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. पिल्लं मेली तरी मोठ्या कृमी सगळ्या मरत नाहीत, म्हणून पुढच्या फेरीतही गोळ्या घ्याव्या लागतात.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांचा पाय या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. त्यांना वाचवते ती रोजची धुलाई. साचलेल्या द्रवामुळे त्या पायाची जंतूंशी लढण्याची ताकद घटलेली असते, आणि रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की जंतूंना दार उघडं मिळतं. मग थंडी वाजून ताप, पाय लाल, जांघेत गोळा. असा प्रत्येक झटका कातडी आणखी जाड करून जातो.

पाय साध्या पाण्याने आणि अंगाच्या साबणाने गुडघ्यापासून खाली धुवावा. ब्रश किंवा वजरी वापरू नये. बेचक्या मऊ कापडाने एकेक करून साफ कराव्यात. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओतावं, मग पंच्याने टिपून घ्यावं, घासू नये. बेचकी ओली राहिली तर धुण्याचा निम्मा उपयोग वाया जातो. भेगा-चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम लावावं. बसताना पाय स्टुलावर, झोपताना खाटेच्या पायथ्याखाली विटा. हृदयविकार असेल तर विटांआधी डॉक्टरांना विचारावं. टाचा उचलणं आणि घोटा फिरवणं दिवसातून दोन-तीनदा.

झटका आला असेल तेव्हा मात्र व्यायाम आणि मालीश बंद, पट्टी बांधायची नाही, शेकायचं नाही. गार पाण्याची घडी ठेवून दवाखाना गाठावा, प्रतिजैविक लागतं. बिब्बा लावणं आणि डागणी देणं म्हणजे त्या पायाला नवी जखम देणं आहे. ते कुणी सुचवलं तरी करू नका.

हत्तीरोगामुळे होणाऱ्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रियेचा इलाज आहे आणि सरकारी रुग्णालयात ती होते. लाजेपोटी वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढू नये.

शेवटची विनंती पुन्हा आरोग्य खात्यालाच. रुग्णाला टब, मग, साबण आणि मलमाचा संच मिळतो. टब वर्षानुवर्षं टिकतो, मलमाची नळी मात्र लवकर संपते. निदान पावसाळ्याचे चार महिने तरी ती उपकेंद्रात हजर असावी.

आपले,
हत्तीरोग नियंत्रणाच्या कामातले निवृत्त कर्मचारी,
भंडारा