मा. शिक्षणमंत्री, एका गणिताच्या दोन रीती शेजारी-शेजारी मांडायला वेळ द्या

मा. शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी गणित शिकवते आणि मागणी एकच आहे, एकाच गणिताच्या दोन रीती फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून मुलांना त्यांची तुलना करायला लावायची, आणि त्यासाठी अभ्यासक्रमात हक्काचा वेळ ठेवायचा.

साधं समीकरण घ्या, ३(क्ष + १) = १५. एक मुलगी कंस सोडवते, ३क्ष + ३ = १५, मग ३क्ष = १२, क्ष = ४. दुसरा मुलगा आधीच दोन्ही बाजूंना ३ ने भागतो, क्ष + १ = ५, झालं. आता वर्गात होतं काय, तर दोघांना "बरोबर" म्हणून आपण पुढच्या गणिताकडे पळतो, कारण पोर्शन संपवायचा असतो, आणि खरी शिकायची गोष्ट तिथेच राहते. आधी भागलं तर का चालतं? आणि १५ च्या जागी १६ असते तर? मग भागल्या भागल्या अपूर्णांक येतो, कंस सोडवला तर तो निदान शेवटच्या पायरीपर्यंत लांबतो. म्हणजे कुठली रीत सोयीची हे समोरचे आकडे बघून ठरतं, आणि हे मुलं आपसात वाद घालून स्वतः शोधतात तेव्हा पक्कं बसतं.

बेथनी रिटल-जॉन्सन आणि जॉन स्टार या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये सातवीच्या मुलांवर हेच तपासलं, समीकरणंच होती. दोन रीतींची तुलना करणारी मुलं त्याच रीती एकेक करून बघणाऱ्या मुलांपेक्षा सोडवण्यात पुढे गेली, गरजेप्रमाणे रीत बदलण्यातही. संकल्पना समजण्यात मात्र दोन्ही गट साधारण सारखेच, त्यामुळे ही जादू आहे असं मी म्हणत नाही. २००९ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांना एकही रीत आधी माहीत नाही त्यांना लगेच तुलनेचा तितका फायदा होत नाही. म्हणून आधी एक रीत नीट बसू द्या, मग दुसरी तिच्या शेजारी आणा, कच्च्या मुलांचा गोंधळ होतो ही तक्रार बरीचशी तिथेच मिटेल.

जपानमध्ये तर मुलांच्या वेगवेगळ्या रीतींवर सगळ्या वर्गाने मिळून चर्चा करायची हा तासाचा ठरलेला भाग असतो, त्याला नेरिआगे म्हणतात.

आपल्याकडे उत्तरपत्रिका तपासताना वेगळ्या पण बरोबर रीतीचे मार्क कापले जातात, ते आधी लेखी आदेश काढून थांबवा, मला त्याचा खरंच संताप येतो. आणि पुढच्या परीक्षेपासून एक तरी प्रश्न असा ठेवा, दोन रीती सोडवून दिल्या आहेत, तुम्ही कुठली निवडाल आणि का. पेपरात आलं की वर्गात आपोआप वेळ मिळेल.

आपली,
एक गणित शिक्षिका