दुकानांचं गणित उलगडून सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. निवृत्तीनंतरही नगररचनेच्या आम्हा विद्यार्थ्यांसाठी तुम्ही वेळ काढलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. असं चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. तरीही लिहितेय.

आमचा प्रश्न एवढाच होता: महानगर वाढतंय, माणसं येतायत, मग किराणा सुपरमार्केटं बंद का पडतात? तुम्ही उत्तर न देता कागदावर चार आकडे लिहिलेत. विक्री १००, मालाची खरेदी ७२, भाडं-वीज-पगार २६, शिल्लक २. आता जवळच नवं दुकान आलं आणि दहातलं एक गिऱ्हाईक तिकडे गेलं, मांडा बघू! विक्री ९०, मालाची खरेदी ६४.८, म्हणजे मालावर सुटले २५.२, आणि भाडं-वीज-पगार तेच २६. म्हणजे दहापैकी नऊ गिऱ्हाइकं टिकूनही दुकान तोट्यात. आकडे समजण्यापुरतेच होते, पण या धंद्यात निव्वळ नफा बहुधा विक्रीच्या १ ते ३ टक्क्यांतच असतो, हेही तुम्ही बजावलंत. गल्ल्यापुढच्या गर्दीवरून दुकानाची तब्येत का कळत नाही, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागलं नाही.

डेव्हिड हफ यांचं प्रतिमान आम्ही परीक्षेपुरतं वाचलं होतं: दुकान मोठं तितकी ओढ जास्त, जायला वेळ लागतो तितकी ओढ कमी. तुम्ही फक्त विचारलंत, ‘उड्डाणपूल झाला तर?’ एकही दुकान जागचं हलत नाही आणि गिऱ्हाइकांची वाटणी मात्र बदलते. नगररचनाकाराचं या स्पर्धेत काय काम, हे मला तिथे कळलं.

मायकेल कलन यांची गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगता! नोकरीतल्या साहेबांनी कल्पनेकडे लक्ष दिलं नाही, म्हणून या गृहस्थांनी १९३० साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, रिकाम्या गॅरेजात स्वतःचं सुपरमार्केट काढलं. भाडं कमी, जागा ऐसपैस, गाडी लावायला सोय. त्या वेळी ‘ए अँड पी’ या साखळीची दुकानं १५ हजारांहून जास्त होती. पुढे तिलाच आपली छोटी दुकानं बंद करून मोठी काढावी लागली. संख्या हीच ताकद मानणाऱ्यांना ही गोष्ट ऐकवावी.

सगळ्यात मोठे उपकार मात्र जमिनीचे करार वाचायला लावलेत त्याचे. जागा सोडून जाणारी साखळी कधीकधी अट घालून जाते की इथे पुन्हा किराणा विकायचा नाही. दुकान गेलं तरी जागा अडलेलीच, आणि नकाशावर ती नुसती ‘रिकामी’ दिसते. स्पर्धा आयोगाच्या चौकशीनंतर ब्रिटनमध्ये २०१० साली अशा अटींना चाप लावला गेला, हा धागाही तुमचाच. एरवी आम्ही भावांचे तक्ते करत बसलो असतो.

अहवाल सोबत पाठवतेय. घरपोच सेवांचं प्रकरण अजून कच्चं आहे. मोठ्या खरेदीची गिऱ्हाइकं तिकडे वळली, तर तुमच्या त्या ९० चे किती उरतात हे मांडलंय, पण सामान गोळा करून पोचवायचा खर्च कुणाच्या माथी धरायचा यावर आमच्या गटात दोन तट आहेत. लाल शाई सढळ हाताने वापरा.

आपली विद्यार्थिनी