सर्व्हिस रोड काढून घेतला, आता शाळेची बस कुठे थांबवायची ते पण सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या रुंदीकरणाची बातमी वाचली. मधला डिव्हायडर काढून सर्व्हिस रोड मेन रोडला जोडल्यामुळे रहिवाशांना मोठा दिलासा मिळणार असं तुमच्या प्रतिनिधींनी लिहिलंय. बातमीत अधिकारी बोलतात, पुढारी बोलतात, पण रस्त्याच्या कडेला राहणारा एक पण माणूस बोलत नाही, मग दिलासा मिळणार हे नक्की कोणाला विचारलं? कालपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती बातमी फिरतेय आणि प्रत्येकजण चिडलेला आहे, म्हणून हे पत्र.

आमची सोसायटी कासारवडवलीला, अगदी रोडटच. गेट सर्व्हिस रोडवर उघडायचं. आता आमच्यासमोरचा तुकडा जोडून झालाय, त्यामुळे गेटबाहेर पाऊल टाकलं की सरळ हायवे. सर्व्हिस रोड म्हणजे काय रिकामी पडलेली जागा होती का हो? तिथे शाळेच्या बस थांबायच्या, रिक्षा मिळायची, सिलेंडरवाला टेम्पो लावायचा, म्हातारी माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन कडेकडेने घरी यायची आणि आमच्या गाड्या आधी तिथे बाहेर पडून मग पुढे डिव्हायडर उघडा असेल तिथून मेन रोडला लागायच्या. हे सगळं बंद झालेलं नाही, हे सगळं आता मेन रोडवर होतंय आणि ते पण सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये, जिथून ट्रेलर जातात. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारी वाहतूक आमच्याच दारावरून जाते हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

आमच्या गेटवर सकाळच्या ड्युटीला एक काका असतात, वय साठीच्या पुढचं. वॉचमनचं काम गेट उघडायचं आणि रजिस्टर लिहायचं, पण रस्ता जोडल्यापासून हा माणूस रोज सकाळी लाल कापड लावलेली काठी आणि शिट्टी घेऊन रस्त्यात उतरतो, एका हाताने ट्रेलरवाल्याला थांबवतो आणि दुसऱ्या हाताने पोरांना बसमध्ये चढवतो. बसचा ड्रायव्हर पण बिचारा घाईत, कारण मागून हॉर्नचा गोंधळ. त्यात पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून बाइकवाले उलटे येतात, म्हणजे काकांनी बघायचं तरी कुठे कुठे? पावसाळ्यात एका डंपरचा आरसा त्यांच्या खांद्याला लागला आणि ते बसच्या दारापाशीच आपटले. पोरं आत चढलेली होती, नाहीतर काय झालं असतं याचा विचार पण करवत नाही. डंपर थांबला नाही. काकांच्या खांद्याचं हाड मोडलं, सोसायटीत वर्गणी काढून दवाखान्याचं बिल भरलं. हात गळ्यात अडकवलेला असताना पण हा माणूस गेटवर येऊन बसला कारण घरी बसला तर पगार कापला जाईल, एजन्सीला सांगून तो कापू दिला नाही ही गोष्ट वेगळी. हा अपघात कुठल्या आकडेवारीत आला असेल असं मला वाटत नाही, पोलिसांत कोणी गेलंच नाही.

त्यानंतर आम्ही चार-पाच जण एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. मागणी साधी होती, गेटसमोर बस थांबायला खाच द्या आणि तोपर्यंत निदान बॅरिकेड तरी लावा. तिथल्या साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला पण नाही, म्हणाले पूर्ण काम झालं की ट्रॅफिकच राहणार नाही, तुम्हालाच फायदा आहे. अहो साहेब, ट्रॅफिक राहिलं नाही तर गाड्या अजून जोरात जाणार ना! आत्ता जाम असतो तेव्हा निदान ट्रेलर हळू तरी असतात, खरी भीती रस्ता मोकळा असतानाच वाटते. रुंद केला म्हणजे सेफ झाला हे समीकरण कोणी मांडलं मला कळत नाही. लोकल गाड्या आणि लांबच्या गाड्या वेगळ्या ठेवायच्या, मधे डिव्हायडर ठेवायचा, एवढ्यासाठीच तर सर्व्हिस रोड बांधतात. तो डिव्हायडरच काढून टाकला आणि त्याला सुरक्षा म्हणायचं?

आणि जाम सुटणार ते तरी कसं? कापूरबावडीपासून कितीही लेन करा, पुढे गायमुखचा घाट आहे तेवढाच आहे. एका बाजूला नॅशनल पार्कचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. दरवर्षी पावसात तिथे खड्डे पडतात, घाट दुरुस्तीला घेतला की रांग मागे आमच्यापर्यंत येते. रुंद रस्त्यावर जास्त गाड्या येऊन त्याच बारीक तोंडाशी अडकणार आहेत. यावर तुमच्या बातमीत एक ओळ नाही. मेट्रोचं काम २०१८ पासून चालू आहे, तेव्हापासून अर्धा रस्ता पत्र्यामागे होता, आम्ही सगळं सहन केलं, एकदा मेट्रो झाली की रस्ता मोकळा होईल म्हणून थांबलो. मग आधी मेट्रो नीट चालू होऊ द्या, किती गाड्या कमी होतात ते बघा आणि मग सर्व्हिस रोडला हात लावा, असं कोणाला सुचलं नाही का?

अजून एक गोष्ट लिहितो. सर्व्हिस रोडच्या खाली पाण्याच्या लाइन आहेत, विजेच्या केबल आहेत, ड्रेनेज आहे. उद्या पाइप फुटला तर खोदणार काय, मेन रोड? आमच्यासमोर चेंबरची झाकणं आत्ताच चालत्या लेनमध्ये आलीयेत, त्यातलं एक खचलंय, गाड्या ते चुकवायला गेटच्या बाजूला वळतात. आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर, घोडबंदर पट्ट्यात टॉवरवर टॉवर उभे राहतायत पण पाणी पुरत नाही, उन्हाळा लागला की आमच्याकडे टँकर आल्याशिवाय टाकी भरत नाही. तो टँकर पण पाइप लावून ह्याच लेनमध्ये उभा राहतो. त्याचं बिल मेंटेनन्समध्ये आम्हीच भरतो, पाणीपट्टी पण आम्हीच भरतो. यावर पण तुम्ही कधीतरी पहिल्या पानावर बातमी करा अशी विनंती आहे.

आम्ही रुंदीकरणाच्या विरोधात आहोत असा शिक्का लगेच मारला जातो म्हणून स्पष्ट लिहितो, आम्ही विरोधात नाही. संध्याकाळी माजिवड्याहून घरी येताना जो वैताग होतो तो आम्हालाच होतो. पण कामाचा नकाशा अजूनपर्यंत आम्हाला कोणी दाखवलेला नाही, मागितला तर माहिती अधिकारात अर्ज करा म्हणतात. फूटपाथ किती रुंदीचा, रस्ता क्रॉस कुठे करायचा, टीएमटीच्या बसचा स्टॉप कुठे जाणार, काहीच माहीत नाही, आणि कामाला तर सुरुवात होऊन बसली. वॉर्डात सभा घ्या, नकाशा भिंतीवर लावा, शाळेची बस कुठे उभी राहणार ते त्यावर बोट ठेवून दाखवा. ती जागा दाखवलीत तर आमच्यातला एक पण माणूस कामाच्या आड येणार नाही. तोपर्यंत सोमवारपासून सकाळी साडेसहा ते आठ गेटसमोर एक ट्रॅफिक हवालदार द्या, काकांना आम्ही आता रस्त्यात उतरू देणार नाही.

आपला,
एक रहिवासी, कासारवडवली, ठाणे (प.)