कासवाचे डोळे सुजले? आधी टाकी तपासा

संपादक महोदय,

थंडी पडू लागली की पाळीव कासवांचे डोळे सुजल्याच्या तक्रारी वाढतात. शहरांतल्या घरांत दिसणारी कासवे बहुतेक एकाच जातीची असतात: कानाजवळ लाल पट्टा असलेली, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली रेड इअर्ड स्लायडर. नाण्याहून थोडी मोठी असताना ती वाडग्यात घालून विकली जातात. काही महिन्यांत पापण्या फुगतात, डोळे मिटतात, कासव खाणे सोडते आणि घरचे लोक औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणतात. त्याने सहसा काही साधत नाही, कारण दुखण्याचे मूळ खाण्यात आणि टाकीत असते.

दोन्ही डोळे एकदम सुजले असतील तर पहिला संशय 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. पिल्लाला बलकातून मिळालेला साठा काही महिने पुरतो. पुढे नुसता सुका जवळा, भात, पोळीचे तुकडे मिळत राहिले, की डोळ्यांतल्या ग्रंथींच्या नलिकांचे अस्तर जाड होते, त्या तुंबतात आणि पापणीखाली पनीरसारखा पांढरा थर साचतो. दिसत नाही म्हणून कासव खात नाही आणि खात नाही म्हणून कमतरता वाढत जाते. एकच डोळा सुजला असेल तर जखम, डोळ्यात गेलेला कचरा किंवा कानातला गळू असू शकतो.

तो थर नखाने किंवा कापसाने ओढू नये, बुबुळाला इजा होते. माणसांच्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. बुबुळावर व्रण असेल तर त्याने डोळा जाऊ शकतो. घरी करण्यासारखे एवढेच: कोमट केलेल्या नॉर्मल सलाइनचे (औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे) काही थेंब दिवसातून दोनदा टाकून डोळा धुणे आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यकाकडे जाणे. 'अ' जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून पाजणे तर फारच धोक्याचे. दुकानातली कॅप्सूल २५,००० किंवा ५०,००० युनिटची असते. शंभर ग्रॅमच्या पिल्लाची मात्रा काहीशे युनिटच्या पुढे जात नाही. जास्त झाले की कातडी सोलून निघते.

उपचार सुरू असतानाही टाकी गार राहिली तर कासव बरे होत नाही, आणि याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कासवाच्या अंगाची उष्णता बाहेरून येते. पाणी १८ अंशांपर्यंत उतरले की पचन मंदावते, रोगप्रतिकार ढासळतो, दिलेले औषधही नीट काम करत नाही. पुण्या-नाशिककडे हिवाळ्यात रात्री पारा १० ते १२ अंशांवर उतरतो, तेव्हा घरातली छोटी टाकी पहाटेपर्यंत चांगलीच गार होते. पाणी २५ ते २७ अंश हवे. आजारी कासवाला २७ ते २८. लिटरमागे साधारण एक वॅट धरून, म्हणजे ६० लिटरच्या टाकीला ५० ते ७५ वॅटचा, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारी सोय) असलेला हीटर घ्यावा. कासव धडका देते, म्हणून काचेच्या हीटरला प्लॅस्टिकची जाळी लागतेच. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढावा. तापलेली काच उघडी पडली की तडकते आणि पाण्यात वीज उतरू शकते. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, वेगळा थर्मामीटर ठेवावा.

पाण्याबाहेर पूर्ण कोरडे होता येईल अशी जागाही हवी. तिथे ३० ते ३२ अंश मिळावेत म्हणून २५ ते ३० सेंटीमीटर उंचीवर ४० ते ५० वॅटचा हॅलोजन दिवा लावावा आणि तापमान मोजून उंची कमी-जास्त करावी. एलईडीने कासवाला ऊब मिळत नाही, तरी अनेक घरांत तोच लावलेला दिसतो. हाडे आणि कवच यांसाठी यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा वेगळा लागतो. उजेड तसाच दिसत राहतो, पण किरण घटतात, म्हणून तो सहा ते बारा महिन्यांनी बदलावा. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. नऊ-दहाच्या सुमारास अर्धी सावली असलेल्या टबात वीस मिनिटे थेट ऊन द्यावे, शेजारी बसून. काचेची टाकी मात्र कधीही उन्हात ठेवू नये, पाणी बघता बघता तापते.

गढूळ, अमोनिया साचलेले पाणीही डोळे चुरचुरवते. टाकीच्या दुप्पट क्षमतेचा फिल्टर लावावा आणि दर दोन-तीन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदलावे. नळाचे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावे. खाण्यात बंद पाकिटातले पेलेट, म्हणजे कासवांच्या तयार खाद्याच्या गोळ्या (सुट्या पिशवीत विकलेल्यांतले 'अ' जीवनसत्त्व हवेने उडते), आठवड्याला एखादा छोटा अख्खा मासा, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा. सुका जवळा कधीतरी, चवीपुरता.

कंटाळा आला म्हणून हे कासव तळ्यात सोडू नये. ते २० ते २८ सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि जगातल्या १०० उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले कासव घरात असेल, तर ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ते पाळता येत नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. तपासणीला जाणाऱ्यांनी कासवांच्या टाकीत थर्मामीटर, कोरडी जागा आणि दिवा आहे का, हेही पाहावे, आणि वाडग्यातली विक्री थांबवावी.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक, पुणे